पुढे रस्ता आहे का? कच्च्या वाटेसाठी नकाशाचं अ‍ॅप निवडताना

मेमोरियल डेचा लाँग वीकेंड जवळ आला की आपल्या घराघरांत सहलीचे बेत शिजायला लागतात. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांच्या शाळा संपत आलेल्या असतात. मग लास व्हेगसला उतरायचं, भाड्याची एसयूव्ही घ्यायची आणि झायन, ब्राइस, पेजजवळचं अँटलोप कॅन्यन असा फेरा मारायचा, हे जवळजवळ ठरलेलंच. अलीकडे त्यात एक नवी हौस आली आहे. डांबरी रस्ता सोडून जरा आत जायचं, गर्दीपासून लांब. हौस चांगलीच आहे. फक्त मग प्रश्न येतो की फोनवर कोणतं अ‍ॅप ठेवायचं, आणि आज बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी एक रस्ता डोळ्यांसमोर आणू या. पेजहून ब्राइसला जायचंय. डांबरी रस्ता पश्चिमेला कॅनबपर्यंत जातो आणि तिथून वर उत्तरेला वळतो. म्हणजे मोठा वळसा. पण नकाशा नीट पाहिलात तर पेज आणि कॅनबच्या मध्येच एक बारीक रेघ सरळ उत्तरेला निघालेली दिसते. हा कॉटनवुड कॅन्यन रोड. साधारण ४६ मैलांचा, आणि निघतो थेट ब्राइसच्या अलीकडच्या कॅननव्हिल गावापाशी. कोरड्या दिवसात रस्ता खरोखर देखणा आहे, वाटेत ग्रोव्हनर आर्च ही दगडाची जोडकमान लागते. पण त्याची माती आहे चिकण. पाऊस झाला की ती चाकांना अशी धरते की फोर व्हील ड्राइव्हचंही काही चालत नाही. आपल्याकडे काळ्या रानात पावसानंतर बैलगाडी रुतते, अगदी तसं. आणि नकाशावरची रेघ? ती पाऊस पडायच्या आधी जशी दिसते तशीच नंतरही दिसते.

सगळी मेख इथे आहे. रोजच्या वापरातलं अ‍ॅप एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला बनवलेलं असतं: लवकरात लवकर कसं पोचायचं? कच्च्या रस्त्यावर आपला प्रश्न वेगळा असतो. हा रस्ता आज, माझ्या या गाडीसाठी आहे का? गावाकडे आपण टपरीवर गाडी थांबवून विचारतो, "दादा, पुढे रस्ता आहे का?" तो माणूस गाडीकडे बघतो, आभाळाकडे बघतो आणि मग सांगतो. अ‍ॅप निवडताना पाहायचं ते हेच, की या माणसाचं किती काम ते करू शकतं.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये एक आई आणि तिचा मुलगा डेथ व्हॅलीत जीपीएसच्या भरवशावर कच्च्या रस्त्याला लागले. गाडी वाळूत रुतली. मदत पोचायला पाच दिवस लागले. आई वाचली, मुलगा गेला. असे प्रसंग इतक्यांदा घडले की तिथल्या रेंजर मंडळींनी त्यांना नावच ठेवलं, 'डेथ बाय जीपीएस'.

आता फोनच्या रेंजबद्दल. बऱ्याच जणांचा समज असतो की रेंज गेली की जीपीएस गेला. तसं नाही. जीपीएस सरळ उपग्रहांकडून येतो, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. जातो तो नकाशा. म्हणजे आपण कुठे आहोत हे फोनला कळतं, पण निळा ठिपका रिकाम्या करड्या चौकटीत उभा असतो. म्हणून पहिली कसोटी: अ‍ॅपचा नकाशा फोनवर उतरवून ठेवता येतो का, आणि त्यात काय काय उतरतं? गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा घेता येतो, पण त्यात सॅटेलाइटचं चित्र येत नाही, चढउताराच्या समोच्च रेषाही नाहीत. रानात नेमक्या त्याच लागतात. नकाशे घरच्या वायफायवर, निघायच्या दोन दिवस आधी उतरवा, हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून घराभोवती एक फेरी मारा. नकाशा मोठा करून बघा, बारीक रस्ते दिसतात का ते तपासा. ही दहा मिनिटं कोणी देत नाही.

दुसरी कसोटी जमिनीची. अमेरिकेच्या पश्चिम भागात दर दहा-वीस मैलांवर जमिनीचा मालक बदलतो: नॅशनल पार्क, फॉरेस्ट सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, खासगी रँच. पेजच्या आसपास तर नावाहो नेशन आहे. तिथे मुख्य रस्ता सोडून आत जायचं तर त्यांची परवानगी काढावी लागते. रस्ता दिसतो म्हणजे आपल्याला जायची मुभा आहे, असं नाही. फॉरेस्ट सर्व्हिसचा 'मोटर व्हेइकल यूज मॅप' नावाचा फुकट नकाशा मिळतो. काळापांढरा, दिसायला अगदीच रुक्ष. पण कायद्याने तोच प्रमाण. कोणत्या रस्त्यावर कोणतं वाहन, कोणत्या महिन्यांत, ते त्यात असतं, आणि जो रस्ता त्यात नाही त्यावर गाडी घालायची नाही. अ‍ॅव्हेन्झा मॅप्स नावाच्या अ‍ॅपमध्ये हा नकाशा घेतला तर त्यावर आपला ठिपकाही दिसतो.

मग अ‍ॅप कोणतं? मला विचाराल तर वर्षातून एकदोनदा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने ऑनएक्स ऑफरोड घ्यावं. रस्त्यावर बोट ठेवलं की तो कोणत्या वाहनांना खुला, कधी खुला, किती अवघड, हे ते सांगतं, आणि जमीन कोणाची तेही दाखवतं. टपरीवाल्या दादाच्या सगळ्यांत जवळ जाणारं हेच. ज्यांना गाडीबरोबर पायी भटकंतीचाही नाद आहे त्यांच्यासाठी गाया जीपीएस. त्यात तऱ्हेतऱ्हेचे नकाशे एकावर एक ठेवून बघता येतात, पण शिकायला जरा वेळ लागतो, आदल्या रात्री उघडून भागणार नाही. कॅलटोपो घरी लॅपटॉपवर मार्ग आखायला उत्तम, शोध आणि बचाव पथकंही ते वापरतात. या तिन्हींत नकाशे फोनवर उतरवायचे तर वर्गणी भरावी लागते. हॉटेलवर आपण किती उधळतो ते आठवलं तर ही रक्कम जड वाटू नये.

फुकटात हवं असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स आहे, ओसमअँड आहे. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. तो नकाशा हौशी लोकांनी मिळून बनवलेला, त्यामुळे काही भागांत आश्चर्य वाटावं इतका बारकावा, तर काही ठिकाणी सॅटेलाइटच्या चित्रावरून कोणीतरी नुसती रेघ ओढलेली. एकट्या त्याच्या भरवशावर जाऊ नका. पण दुसऱ्या फोनवर जोडीला असूच द्या. काकूंचा फोन त्या दिवशी फोटोंपेक्षा नकाशासाठी राखून ठेवा.

दुसरा फोन का? उन्हामुळे. अ‍ॅपल स्वतः सांगतं की आयफोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायचा. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत पारा त्याच्या कितीतरी वर असतो, आणि आपण फोन लावतो काचेला, थेट उन्हात. तापला की तो स्वतःच बंद पडतो. एसीच्या झोतासमोर लावा. आणि कागदी नकाशा घ्या. त्याला हसू नका, तो तापत नाही.

आयफोन १४ पासून उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे, तीही घरीच शिकून घ्या. पण तिला मोकळं आभाळ लागतं. अरुंद कॅन्यनच्या भिंतींमध्ये संदेश अडकतो. वारंवार जाणाऱ्यांनी गार्मिन इनरीचसारखं वेगळं उपकरण घ्यावं.

गाडीचंही एक बघा. आपल्या बहुतेक एसयूव्ही ऑल व्हील ड्राइव्ह असतात. फोर व्हील ड्राइव्ह वेगळं, त्यात लो रेंज असतो आणि गाडी जमिनीपासून उंच असते. कॅन्यनलँड्समधल्या व्हाइट रिम रोडला तशीच गाडी लागते, शिवाय परमिट. अ‍ॅप तुमची गाडी ओळखत नाही, ते तुम्हीच तपासायचं. भाड्याच्या गाडीचा करारही वाचा. कच्च्या रस्त्यावर नेल्यास विमा लागू नाही, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं.

राहिला पाऊस. काल रात्री पडलेल्या पावसाने रस्त्याचं काय झालं हे वर्गणी भरलेल्या अ‍ॅपवरही कळेलच असं नाही. त्यासाठी सकाळी व्हिजिटर सेंटरला फोन करायचा आणि रस्त्याचं नाव घेऊन विचारायचं. कॉटनवुडचं विचारायचं असेल तर कॅननव्हिलला आणि पेज-कॅनब रस्त्यावर बिग वॉटरला असं केंद्र आहे. तिथल्या माणसाने नको म्हटलं तर डांबरी वळसा घ्या. तोही सुंदर आहे, आणि कॅनबला जेवायलाही मिळतं.

आखलेला मार्ग आणि परतायची वेळ घरी राहिलेल्या कोणालातरी पाठवून ठेवा, आणि त्या वेळेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्यांनी कोणाला कळवायचं, तो नंबरही सोबत द्या.