दम : रक्तातला आणि ताटातला
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लांब पल्ल्याच्या धावण्याविषयी आम्ही चार शब्द बोलावेत अशी विद्यार्थ्यांची सूचना होती. २००४ सालापासून आपल्या शहरात जानेवारी महिन्यात मोठी मॅरेथॉन भरते. परळ, लालबाग, नायगावची कित्येक मुले त्यासाठी पहाटे शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्यापैकी काहींच्या तोंडचे एक वाक्य आमच्या कानांवर आले आणि ते आम्हांस खटकले. "सर, दम रक्तातच असावा लागतो. केनियावाले जन्मतःच तसे. आपल्यात ते नाही." हे म्हणणे कितपत खरे आहे ते तपासणे एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

'आपल्यात ते नाही' हे वाक्य या देशात पूर्वी सरकारी धोरण होऊन गेले आहे. १८९० च्या सुमारास, लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती असताना, काही जाती जन्मतःच लढवय्या आणि काही नाहीत असा सिद्धांत लष्कराने उचलून धरला आणि महार तरुणांना भरतीचे दार बंद झाले. ज्यांचे पूर्वज १८१८ साली कोरेगावला लढले, त्यांच्यातच लढण्याचे रक्त नाही, असे ठरले! पुढे पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज संपल्यावर १९२१ साली मोडली गेली, आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. रक्त तेच होते. बदलला तो सरकारी कागद. जातिव्यवस्थेने वंश शुद्ध आणि उत्तम राहतो असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये हेच विचारले होते की, तसे असेल तर या देशातील माणसे खुजी आणि दमात कमी का? म्हणून 'रक्त' हा शब्द कोणी उच्चारला की आपण पुरावा मागावा.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. लांब पल्ल्याच्या धावपटूला तीन गोष्टी लागतात. एका मिनिटात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ही पहिली. त्या मर्यादेच्या किती जवळ राहून तासन्‌तास धावता येते ही दुसरी. आणि तेवढ्याच वेगासाठी किती कमी प्राणवायू खर्च होतो, म्हणजे पायांची काटकसर, ही तिसरी. तिन्हींत आनुवंशिकतेचा वाटा आहे. तो नाकारणे हा अडाणीपणा होईल.

फिनलंडचा बर्फावरचा धावपटू एरो मंटीरांता याचे उदाहरण घ्या. त्याने ऑलिम्पिकमध्ये सात पदके मिळविली. त्याच्या घराण्यात एका जनुकात बदल झालेला होता आणि त्यामुळे त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन सामान्य माणसाहून पुष्कळ अधिक असे. १९९३ साली हा बदल शोधला गेला. नात्यातील कितीतरी जणांत तो सापडला. पण सात पदके एकाच्याच घरात आहेत.

दुसरे उदाहरण जास्त उपयोगाचे आहे. अमेरिका आणि कॅनडात 'हेरिटेज' नावाचा एक अभ्यास झाला. व्यायामाची सवय नसलेल्या ९८ कुटुंबांतील ४८१ माणसांना वीस आठवडे सारखाच व्यायाम दिला. सरासरीने प्रत्येकाची प्राणवायू वापरण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली. परंतु काहींची जवळजवळ वाढलीच नाही, तर काहींची एक लिटरच्या वर गेली. ही वाढ कुटुंबाकुटुंबांत मिळतीजुळती होती. फरकातील सुमारे ४७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा धरला गेला. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

येथे विद्यार्थ्यांनी जरा सावध व्हावे. ४७ टक्के याचा अर्थ तुमचा निम्मा दम आईबापांनी ठरवला असा होत नाही. हा आकडा माणसामाणसांतील फरकाचा आहे, आणि तोही सर्वांना सारखा व्यायाम दिल्यानंतरचा. परिस्थिती सारखी केली की उरलेला फरक साहजिकच जन्माचा दिसतो. पण एका मुलाला दूध-अंडी आणि प्रशिक्षक आहे, आणि दुसरा दहा बाय बाराच्या खोलीत रात्रपाळीच्या बापाशेजारी झोपून पहाटे उपाशीपोटी धावतो. अशा ठिकाणी फरकाचे खापर रक्तावर कसे फोडणार? आजकाल थुंकीवरून मुलाचा खेळ सांगणाऱ्या जनुक-चाचण्या विकल्या जातात. २०१५ साली या विषयातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट सांगितले की, मुलांतील गुणवत्ता शोधण्यासाठी या चाचण्यांचा उपयोग नाही. आमचे मत विचाराल तर त्या पैशांत बरे बूट येतात.

आता वजनाकडे वळू. धावणे म्हणजे स्वतःचे ओझे स्वतः वाहणे. ढोबळ हिशेब असा की, एक किलो वजन एक किलोमीटर नेण्यास एक किलोकॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २५०० किलोकॅलरी लागतील, सत्तर किलोच्या माणसाला सुमारे २९५०. शरीरातील साखरेचा साठा साधारण २००० चा. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, आणि नेमका तेव्हाच परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ समोर येतो! दुसरा हिशेब पाहा. एखादा मिनिटाला तीन लिटर प्राणवायू वापरतो. वजन साठ असेल तर किलोमागे ५० मिलिलिटर पडले. सहा किलो चरबी वाढली की तीच फुप्फुसे आणि तेच हृदय असून आकडा ४५ वर येतो. ओझे कोठे आहे यालाही महत्त्व आहे. बुटात शंभर ग्रॅम वाढले तर प्राणवायूचा खर्च सुमारे एक टक्का वाढतो. केनियाच्या कालेंजिन धावपटूंच्या पोटऱ्या बारीक असतात, त्याचा फायदा त्यांना येथे मिळतो.

परंतु वजनकाटा खोटे बोलतो, आणि त्याचा उत्तम दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील (आपले परळचे केईएम निराळे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' मध्ये दोघांचे छायाचित्र छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, अगदी सारखे. क्ष-किरणांनी मोजल्यावर शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम, त्यांनीच थट्टेने लिहिल्याप्रमाणे, रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत गाठण्याचा. मग हा फरक रक्ताचा की व्यायामाचा? जनुकांचा वाटा किती हे ठरायचे आहे, असे त्यांनी लिहिले, आणि तिसरीच एक गोष्ट पुढे ठेवली. याज्ञिक जन्मले तेव्हा त्यांचे वजन कमी होते.

याच डॉक्टरांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनला ३.५ किलो. आपली बाळे दिसायला बारीक, पण त्यांच्यात कमी भरते ते स्नायूंत. चरबी तुलनेने टिकून राहते. म्हणजे मूल 'जन्मतःच' जे घेऊन येते त्यात आईबापांची जनुके असतात, तशी आईच्या ताटातील भाकरीही असते. घरातील बाई सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवते तेव्हा आपण पुढच्या पिढीच्या दमातून कपात करीत असतो. हे आम्ही सभासद बंधूंना मुद्दाम सांगतो आहोत.

केनियाचे काय, असे कोणी विचारील. राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची तिन्ही पदके १९९८ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक वेळी केनियानेच नेली. २०२२ साली बर्मिंगहॅमला ही साखळी तुटली. रौप्यपदक बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनी घेतले. वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद, सुवर्णपदकापासून अंतर एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे. लहानपणी शाळा सहा-सात किलोमीटर दूर, वाहन नाही, त्यामुळे चालत-पळत जाणे. बारावीनंतर सैन्यात, पाचव्या महार बटालियनमध्ये. सियाचीनची बर्फ, राजस्थानचे वाळवंट. धावण्याच्या स्पर्धा त्यांनी त्यानंतर सुरू केल्या. मध्यंतरी दुखापत झाली, वजन बरेच वाढले, ते उतरवून ते पुन्हा उभे राहिले. या रेजिमेंटमध्ये अनेक समाजांचे जवान असतात, तेव्हा अमक्या जातीचे रक्त असा उलटा दावाही आम्ही करणार नाही. त्यांचा जन्म त्यांना उपयोगी पडला असेलच. पण सैन्याने रोजचे जेवण, प्रशिक्षक आणि सरावाला वेळ दिला नसता तर तो जन्म कोणाला दिसला असता? १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची मुले पळताना पाहून दोराबजी टाटांना हाच प्रश्न पडला. पुढच्याच वर्षी त्यांच्या खटपटीने अँटवर्पच्या ऑलिम्पिकला संघ गेला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

मुलींसाठी दोन शब्द वेगळे. माण तालुक्याच्या मोहीच्या ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्यांचे पाहून आपल्या मुली धावू लागल्या, पण वजन घटवायचे म्हणून जेवण तोडू लागल्या, असे आम्हांस आढळले. हे घातक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. मंटीरांताच्या घराण्याला हिमोग्लोबिन जन्माने जास्त मिळाले. आपल्या मुलींचे जे हक्काचे तेही भरत नाही. १२ च्या खाली हिमोग्लोबिन असताना पाच किलो उतरवून वेग वाढत नाही. डाळ, अंडी, हिरवी पालेभाजी, जमल्यास मटण-मासे आणि सोबत लिंबू-आवळा घ्यावा. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. धावू लागल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर खाणे अपुरे पडत असल्याची ती खूण असू शकते. लाजू नये, आईला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. सराव सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी केईएम किंवा नायरमध्ये करून घ्यावी, आणि तो कागद पुढच्या बैठकीला घेऊन यावा.

आता प्रश्न विचारावेत. मुलींनी आधी.