आकाशातला चौकोन आणि बांधावरची डबी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोलचं रॉकेट असतंच. असू दे. पण त्यातून कुणाला नवं काही कळत नाही. मी आज ज्या कामाबद्दल बोलतोय, त्यात आठवीतल्या मुलीनं वहीत लिहिलेला आकडा शास्त्रज्ञाला खरोखर हवा असतो.

'ग्लोब' हा कार्यक्रम अमेरिकेत १९९५ साली सुरू झाला, भारत २००० साली त्यात आला. शाळांनी ढग, पाऊस, माती ठरलेल्या पद्धतीनं मोजायची आणि नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवायच्या. ३१ जानेवारी २०१५ ला नासानं 'स्मॅप' उपग्रह सोडला. जमिनीच्या वरच्या ५ सेंटिमीटरमधली ओल मोजणं हे त्याचं काम. त्याचं रडार त्याच वर्षी जुलैत बंद पडलं. उरलेल्या उपकरणाचा एक चौकोन साधारण ३६ किलोमीटरचा. म्हणजे मिरजेपासून कवठेमहांकाळपर्यंत! एका टोकाला काळ्या रानातला भिजलेला ऊस, दुसऱ्या टोकाला मुरमाड माळ, आणि उपग्रह सांगणार दोन्हींचा मिळून एकच आकडा. तो कितपत खरा, हे बघायला कुणीतरी बांधावर उतरावंच लागतं. 'ग्लोब'मधल्या शाळा 'स्मॅप'साठी उतरल्या.

काम सोपं आहे. १०० घनसेंटिमीटरची डबी मातीत दाबून भरायची, वजन करायचं, माती पूर्ण वाळवायची, पुन्हा वजन. ओली १७० ग्रॅम, वाळल्यावर १३५ भरली, तर ३५ ग्रॅम पाणी गेलं. शंभर भागांत पस्तीस भाग पाणी. काळी माती लवकर वाळत नाही, तेव्हा वजन उतरायचं थांबेपर्यंत धीर धरायचा. 'स्मॅप' सकाळी सहाच्या सुमारास जातो, म्हणून माती शक्यतो सकाळीच घ्यायची. यासाठी कपाटात कुलूपबंद असलेला प्रयोगशाळेचा काटा तेवढा बाहेर काढावा लागेल!

सांगलीत मात्र ओलीपेक्षा मोठा प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. अशा वेळी वर ढग, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आंधळा. रडार ढगांतून पाहतं. उघडं, संथ पाणी त्याला काळं दिसतं. पण पाण्यात उभा ऊस असला की लहरी पाल्यावरूनच परततात, नाहीतर पाणी आणि कांड्यांवर आदळून जोरात परततात. तिथं पूर ओळखणं अवघड होतं. ३० जुलै २०२५ ला सुटलेल्या भारत-अमेरिकेच्या 'निसार'ची २४ सेंटिमीटरची लहर पिकात अधिक खोल जाते. तरीही पाणी कुठवर आलं होतं याचा पुरावा जमिनीवरच सापडणार. पूर ओसरल्यावर भिंतीवर, खांबावर गाळाची रेघ राहते. घर धुतलं की ती जाते. त्याआधी मोठ्या माणसांबरोबर जाऊन मुलांनी तिची उंची टेपनं मोजावी, जागा आणि तारीख लिहावी.

'निसार' मातीची ओलही टिपतो आणि दर बारा दिवसांनी त्याच वाटेवर परततो. येत्या जूनपासून नदीकाठची एक शाळा आणि नदीपासून दूरच्या जतची एक शाळा, दोघींनी तो येईल त्या दिवशी माती मोजायला काय हरकत आहे? आकडे जुळणार नाहीत. मुलं सवयीनं शेजाऱ्याच्या वहीत बघून खोडतील. तेवढं खोडू देऊ नका. आणि कुणाच्या शेतात आदल्या दिवशी पाटाचं पाणी दिलं होतं, तेही शेजारी लिहून ठेवायला सांगा. उपग्रहाच्या माहितीत ते कुठंच नसतं.