दाढीचा साबण कोरडा राहू द्या

आजचा विषय पुरुषांचा वाटेल, पण घरातली दाढीची वाटी घासतं कोण? आपणच. आणि साबणाचे पैसेही पुष्कळदा आपल्याच डब्यातून जातात.

दाढीचा साबण अंगाच्या साबणापेक्षा मऊ असतो, कारण त्यात पोटॅशचा भाग असतो. फेस भरपूर येतो, पण पाण्यात राहिला की विरघळून जातो. त्यातलं ग्लिसरीन हवेतला ओलावाही ओढतं. म्हणून दाढी झाली की वाटीतलं पाणी ओतून टाका, उरलेला फेस धुवा आणि वाटी वारा लागेल अशी सावलीत उघडी ठेवा. झाकण वाळल्यावरच लावा. ब्रश झटकून, केस खाली करून टांगा. मे महिन्यात उन्हात ठेवला तर साबणाला तडे जातात. बोअरच्या जड पाण्याला फेस कमी, मग आपली माणसं साबण घासतच बसतात! पावसाचं साठवलेलं वाटीभर पाणी दिलं तर थोडक्यात भागतं.

गटात हातानं साबण करणाऱ्या आम्ही वड्या ४ ते ६ आठवडे वाळवतो. ओली वडी लवकर झिजते, गिऱ्हाईक परत येत नाही.

ब्लेड मात्र ज्याचं त्याचं, बाप-लेकातही. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. त्याचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकतो, ब्लेड वाळलं म्हणून मरत नाही. सलूनमध्येही नवं ब्लेड समोर लावायला सांगा. जुनं ब्लेड झाकणाच्या डब्यात टाका, उकिरड्यावर नको. तिथं लेकरं खेळतात.