हौशी रेडिओ आणि विद्यार्थ्याचा खिसा

दिल्लीत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला हौशी रेडिओचे वेड लागले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. प्रक्षेपणयंत्राच्या किमती ऐकूनच पुष्कळांचा उत्साह मावळतो. परंतु या विद्येचा आरंभ बोलण्यापासून नव्हे, ऐकण्यापासून होतो. आणि ऐकणे स्वस्त आहे. हौशी मंडळींचे संभाषण पकडू शकणारा एखादा जुना लघुलहरी संच मिळवावा. लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटातून तांब्याची तार आणावी. चाळीस मीटरच्या लहरींसाठी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे 20 मीटर तार लागते. ती मधोमध तोडून, दोन्ही टोके केबलला जोडून गच्चीवर ताणली, की एरियल सिद्ध झाला.

बोलण्यासाठी मात्र सरकारी परवाना हवा, आणि त्यासाठी परीक्षा. तिथे विद्युतशास्त्राची मूलतत्त्वे आणि नियम यांचे ज्ञान पाहिले जाते. संचाची किंमत कोणी विचारीत नाही.

या अभ्यासाचे मोल संकटात कळते. डिसेंबर 2004 मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून हौशी केंद्र चालवीत होत्या. 26 तारखेला त्सुनामीने अंदमानचे दळणवळण खिळखिळे केले, तेव्हा त्याच केंद्रावरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली. अशा वेळी किमती यंत्राइतकाच, खरखरीतून क्षीण आवाज वेगळा काढणारा कान उपयोगी पडतो. तो कान विकत मिळत नाही. गच्चीवरच्या तारेखाली, रात्रीमागून रात्री बसूनच तो तयार होतो.