गणिताच्या पेपरानंतर
(इंदूर येथील विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



गणिताचा पेपर सुटला की शाळेच्या फाटकापाशी मुलांची कोंडाळी जमतात. "तुझं काय आलं?" एकीचे 'एक छेद वर्गमूळ दोन', दुसरीचे 'वर्गमूळ दोन छेद दोन'. झाले, एकीचे डोळे भरून येतात! वास्तविक दोन्ही उत्तरे एकच. दुसरीने छेदाचे परिमेयीकरण केले, एवढाच काय तो फरक. पण पोटात गोळा उठल्यावर हे सुचणार कोणाला?

शिवाय केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत गुण पायरीपायरीला वाटलेले असतात. शेवटी एखादे चिन्ह चुकले, तरी आधीच्या बरोबर पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. फाटकावरच्या हिशेबात हे गुण कोणी धरीतच नाही. दहावीला लेखी परीक्षाही 80 गुणांचीच. उरलेले 20 शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे.

माझी खरी तक्रार आहे ती पालकांविषयी. मूल स्कूटरवर बसते न बसते तोच प्रश्नपत्रिका ओढून घेऊन उलटतपासणी सुरू! पुढे विज्ञानाचा पेपर असतो, आणि घर रात्रभर गणितच सोडवीत बसते. तेव्हा सभासद बंधुभगिनींना विनंती एवढीच : त्या दिवशी लेकराला आधी पोहे-जिलबी खाऊ घाला, आणि प्रश्नपत्रिका दप्तरातच राहू द्या.