घोडीला सोसेल असा लगाम

सुरतेत लग्नसराई लागली की उधना, लिंबायतच्या गल्ल्यांत वरातीच्या घोड्यांना उसंत नसते. तापीच्याच काठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांबरोबर साजाचीही दुकाने लागतात. तिथे गोंडे-आरशांना भुलू नका. आधी तोंडात जाणाऱ्या कडीवरून बोट फिरवा. खरखर लागली तर ठेवून द्या. काटेरी कडी तर जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदच आहे.

लगाम चढवल्यावर ओठांच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडाव्यात, जास्त नकोत. नाकपट्टीखाली दोन बोटे आणि गळपट्टीत मूठ सहज सरकली पाहिजे. कानामागची पट्टी रुंद, मऊ हवी. ती टोचली की घोडी मान झटकते आणि आपण तिलाच खोडकर ठरवतो!

नायलॉन स्वस्त, धुवायला सोपे. पण त्याच्या कडा कातडी सोलतात. आतून जाड सुती पट्टी शिवून घेतली की थोडक्यात भागते. चामडे सरसच, मात्र सुरतेच्या पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. जुना लगाम घेताना शिवण आणि बकलाजवळचा वाक ताणून बघा. तुटतो तो तिथेच, आणि तोही भर वरातीत.