मोजणीत न आलेला प्रवास

कुठल्या चौकात उड्डाणपूल हवा, कुठल्या मार्गावर बसच्या फेऱ्या वाढवायच्या, मेट्रोचं स्थानक कुठे ठेवायचं, हे ठरवताना आता नकाशाचं सॉफ्टवेअर हाताशी असतंच. गेल्या काही वर्षांत त्याच्या जोडीला न्यूरल नेटवर्क, म्हणजे आकडेवारीतून स्वतः शिकत जाणारी संगणकप्रणालीही आली आहे. ही साधनं मोलाची आहेत. पण त्यांना आपलं शहर दाखवतं कोण, आणि किती दाखवतं, हे प्रत्येक नागरिकानं विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या शिकागोपासून करू. १९५५ साली तिथे जे. डग्लस कॅरोल यांच्या नेतृत्वाखाली वाहतुकीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. माणसं घरोघर गेली आणि त्यांनी विचारलं : कालच्या दिवसात घरातलं कोण कुठे गेलं, कशानं गेलं, कशासाठी गेलं? या उत्तरांचं चित्र काढण्यासाठी त्यांनी एक यंत्रच बनवून घेतलं. त्याचं नाव कार्टोग्राफाट्रॉन. प्रत्येक प्रवासासाठी ते पडद्यावर प्रकाशाची एक रेघ ओढायचं आणि त्या साऱ्या रेघा एका फिल्मवर उतरायच्या. अख्ख्या शहराची एका दिवसाची ये-जा एका छायाचित्रात! आजच्या नकाशा-सॉफ्टवेअरचा हा पूर्वजच म्हणायला हवा. किती प्रवास होतील, कुठून कुठे होतील, कोणत्या साधनानं होतील आणि कोणत्या रस्त्यानं होतील, हे चार प्रश्न त्या काळातल्या अशा अभ्यासांमधून पक्के झाले. जगभरचे वाहतूक आराखडे अजूनही बहुधा याच क्रमानं विचार करतात.

आजचं सॉफ्टवेअर शहराचे थर एकावर एक रचतं. रस्ते, घरं, शाळा, दवाखाने, बसथांबे. मग त्याला विचारता येतं की थांब्यापासून पाचशे मीटरच्या आत किती घरं आहेत? इथे पहिली मेख आहे. थांब्याभोवती नुसतं वर्तुळ काढलं तर शेकडो घरं आत दिसतात. प्रत्यक्षात मधे रेल्वेचे रूळ असतात, नाला असतो, एखाद्या मोठ्या संकुलाची लांबलचक भिंत असते. हवेतलं तीनशे मीटर अंतर पायी सव्वा किलोमीटर होऊ शकतं. चांगला नियोजक वर्तुळ काढत नाही, वाटेवाटेनं अंतर मोजतो. त्यासाठी मात्र पायवाटा, बोळ, पादचारी पुलांचे जिने हे सगळं नकाशात भरलेलं असावं लागतं, आणि वस्त्यांमधले बोळ सहसा भरलेले नसतात.

आता न्यूरल नेटवर्ककडे येतो. वीस वर्षं एकाच मार्गावर गाडी चालवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारा, घाट उतरायला आज किती वेळ लागेल? तो आभाळ बघेल, वार आठवेल, बाजाराचा दिवस आहे का ते पाहील आणि नेमकं सांगेल. कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं, हे त्याला चुकतमाकत समजलेलं असतं. न्यूरल नेटवर्कही असंच अंदाज करतं, चूक मोजतं, आतली वजनं थोडी बदलतं आणि लाखो उदाहरणांवर हे पुन्हा पुन्हा करत राहतं. रस्त्यांसाठी तर अशी जाळी बनवली जातात की ज्यांना कुठला रस्ता कुठल्या रस्त्याला जोडलेला आहे हेही समजतं. मग एका चौकात तुंबलेली गर्दी थोड्या वेळानं पुढच्या चौकात कशी पोचेल, याचा अंदाज येतो. गूगल मॅप्स आणि डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी यांनी २०२० साली अशाच पद्धतीनं पोचण्याच्या वेळेचे अंदाज कितीतरी सुधारल्याचं जाहीर केलं.

पण तेच वर्ष कोविडचं होतं. रस्ते रिकामे पडले आणि जुन्या सवयींवर शिकलेले अंदाज कोलमडू लागले. तेव्हा गूगलनं आपल्या प्रणालीला आधीच्या दोन ते चार आठवड्यांच्या वाहतुकीकडे जास्त लक्ष द्यायला लावलं. शिकलेलं यंत्र भूतकाळाला किती बांधलेलं असतं, याचा हा मोठा पुरावा आहे.

अंदाज कोलमडायला आपल्याकडे तर महामारीचीही गरज नाही. अनंत चतुर्दशी २०२३ साली २८ सप्टेंबरला आली, २०२४ साली १७ सप्टेंबरला आणि २०२५ साली ६ सप्टेंबरला. त्या दिवशी पुण्यातला लक्ष्मी रस्ता विसर्जन मिरवणुकीसाठी वाहतुकीला बंद असतो आणि त्याचा ताण दूरदूरच्या पुलांवर जातो. फक्त इंग्रजी तारीख आणि वार यांवर शिकलेल्या यंत्राला हे कधीच दिसणार नाही. त्याला तिथी द्यावी लागेल. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या दिवसांचंही तेच. हे ज्ञान पंचांगात आहे, वाहतूक हवालदाराच्या डोक्यात आहे. ते कोणीतरी मुद्दाम यंत्रापर्यंत पोचवलं पाहिजे.

खरी चिंता याहून खोल आहे. तिकीट यंत्र बसमध्ये चढलेल्यांची नोंद ठेवतं. खच्चून भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे गेली, तर मागे राहिलेल्यांची नोंद कुठेच होत नाही. रात्री साडेनऊनंतर एखाद्या वस्तीकडे बसच नसेल, तर त्या वेळचे प्रवासी शून्य. यंत्र त्या शून्याचा अर्थ लावतं की इथे रात्री बसची मागणी नाही. रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, हॉटेलात भांडी घासणारा मुलगा यांची गरज अशी पुसली जाते. पुढच्या आराखड्यातही तिथे बस येत नाही आणि शून्य पक्कं होत जातं. याला मी अन्याय म्हणतो. तो कोणी दुष्टपणे केलेला नाही, पण सोसणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो?

मोजणीच्या चौकटीत कोण बसतं, हेही पाहावं. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं गेलं, हे फार चांगलं झालं. पण तो प्रश्न कामावर जाण्यापुरताच होता. मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन, सासूबाईंचं औषध आणून घरी परतणाऱ्या बाईची ती सगळी पायपीट त्यात कुठे येणार?

यावर उपाय आहे, आणि तो केनियातल्या नैरोबीनं करून दाखवला. तिथे असंख्य लोक मटाटूनं प्रवास करतात. मटाटू म्हणजे खासगी मालकीच्या छोट्या बसगाड्या, आपल्या शेअर रिक्षा आणि वडापच्या जवळच्या. त्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशाच नव्हता. नैरोबी विद्यापीठातले विद्यार्थी मोबाइल घेऊन त्या गाड्यांत बसले आणि त्यांनी जीपीएसवर मार्ग अन् थांबे नोंदवले. अमेरिकेतल्या एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठांची त्यांना साथ होती. २०१४ साली सव्वाशेहून अधिक मार्गांचा नकाशा तयार झाला, सरकारनं तो अधिकृत मानला आणि ती माहिती सर्वांसाठी खुली राहिली. शहराचा एवढा मोठा प्रवास त्याआधी कागदावर नव्हताच!

आपल्या शहरांत हे का होऊ नये? महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलामुलींनी एका सत्रात आपापल्या भागातले शेअर रिक्षांचे मार्ग आणि पायवाटा ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशावर नोंदवाव्यात. बससेवांनी आपल्या मार्गांची आणि फेऱ्यांची माहिती कोणालाही वापरता येईल अशी प्रसिद्ध करावी. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं वाहनांची नव्हे तर माणसांची ये-जा हा नियोजनाचा केंद्रबिंदू मानला आहे. मग माणसंच आधी मोजायला हवीत.

आणि श्रोतेहो, तुम्हाला एक विनंती. तुमच्या शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की कायद्यानुसार हरकती आणि सूचना मागवल्या जातात. तेव्हा फक्त आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं का, एवढंच पाहून थांबू नका. प्रस्तावित रस्त्यामागचे आकडे कोणत्या वर्षीचे आहेत, त्यात पायी चालणारे मोजले आहेत का, रात्रीचा प्रवास धरला आहे का, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई कुठून, कशा आणि किती वाजता येतात, तेही त्यांना विचारून त्या अर्जात लिहा.